लिनक्स बसवलं, पण उठेना

"इन्स्टॉलेशन शेवटपर्यंत व्यवस्थित झालं. पेन ड्राइव्ह काढून एंटर दाबा असं आलं, तसं केलं. आता मशीन चालूच होत नाहीये. काय बिघडलं असेल?"

पहिल्यांदा लिनक्स टाकणाऱ्यांचा हा हमखास प्रश्न. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला, आणि विंडोज ११च्या अटींत न बसणाऱ्या पण धडधाकट लॅपटॉपचं करायचं काय, असा पेच अनेक घरांत उभा राहिला. अशा मशीनवर उबुंटू किंवा मिंट टाकून पाहणं हा शहाणा उपाय आहे. अडचण येते ती पहिल्या रीस्टार्टला.

"चालूच होत नाही" एवढ्यावरून मात्र काहीच कळत नाही. एकाच्या पडद्यावर नुसता काळोख असतो. दुसऱ्याचं सरळ विंडोज उघडतं, जणू लिनक्स कधी टाकलंच नव्हतं. तिसऱ्याला काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' एवढेच दोन शब्द दिसतात. चौथ्याच्या पडद्यावरून इंग्रजी ओळी भराभर वर सरकतात आणि शेवटी 'कर्नल पॅनिक' येऊन सगळं गोठतं. आजार चार आहेत, पण चौघंही उपाय एकच करतात: पुन्हा पहिल्यापासून इन्स्टॉल. दुकानात नेलं तरी "फॉरमॅट मारून देतो" हे उत्तर तयारच असतं. आणि दुसऱ्यांदाही बहुधा तोच पडदा दिसतो. कारण दोष बऱ्याचदा मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये असतो, आणि डिस्क कितीही वेळा फॉरमॅट केली तरी ते सेटिंग जागचं हलत नाही.

१. बटणापासून लॉगिनपर्यंत

घराचा स्लॅब पडताना पाहिला असेल. खाली मिक्सर फिरत असतो आणि शिडीवर माणसांची रांग उभी असते. घमेलं एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जात वर चढतं. वरच्याला मिक्सर दिसत नाही, खालच्याला स्लॅब दिसत नाही. प्रत्येकाला फक्त पुढचा हात माहीत. वर माल येईनासा झाला की मुकादम सगळी रांग बदलत नाही. घमेलं शेवटचं कोणाच्या हातात होतं, ते बघतो.

संगणक सुरू होतो तो असाच. वीज आली की मदरबोर्डवरच्या चिपमधला प्रोग्रॅम जागा होतो. त्याला फर्मवेअर म्हणतात, बोलताना आपण त्यालाच 'बायोस' म्हणतो. तो डिस्कवरचा बूटलोडर शोधून त्याच्या हाती कारभार देतो. लिनक्समध्ये हा बूटलोडर बहुतेक ठिकाणी 'ग्रब' असतो. ग्रब कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, मेमरीत आणतो. कर्नल मुख्य पार्टिशन शोधून जोडतो. मग 'सिस्टिमडी' नावाचा प्रोग्रॅम एकेक सेवा सुरू करतो, आणि सगळ्यात शेवटी चित्रमय लॉगिनचा पडदा येतो.

ग्रबच्या आधी 'लिलो' नावाचा बूटलोडर फार वापरात होता. त्याची एक लकब मला अजून आवडते. कामाचा एकेक टप्पा पार पडला की तो आपल्या नावाचं एकेक इंग्रजी अक्षर पडद्यावर छापायचा. चारही अक्षरं उमटली तर सगळं ठीक. दोनच अक्षरांवर थांबला, तर त्याचा दुसरा भाग डिस्कवरून वाचला गेला पण चालवता आला नाही, असा अर्थ. २०१५च्या अखेरीस लिलोचं काम थांबलं. लिनक्सची आजची वितरणं, म्हणजे उबुंटू-मिंटसारख्या आवृत्त्या, हा सगळा प्रवास कंपनीच्या लोगोमागे लपवतात. पडदा देखणा दिसतो खरा, पण बिघाड झाला की रुग्ण मुका होतो. त्याला बोलतं कसं करायचं ते पाचव्या भागात येईल.

२. जुना मोड, नवा मोड

सर्वांत जास्त घोळ होतो तो या पहिल्याच पायरीवर, म्हणून इथे जरा थांबू.

मूळ बायोस १९८१च्या आयबीएम पीसीचा. त्याच्या पद्धतीत फर्मवेअर डिस्कचा अगदी पहिला तुकडा वाचतो. तो ५१२ बाइटांचा. त्यातले ४४६ बाइट बूटच्या कोडसाठी, ६४ बाइट चार पार्टिशनांच्या नोंदीसाठी आणि शेवटचे दोन बाइट ओळखीच्या खुणेसाठी. संगणकात देवनागरीचं एक चिन्ह साधारण तीन बाइट घेतं. म्हणजे बूटलोडरच्या पहिल्या भागाला मिळणारी जागा या पानावरच्या दोन ओळींएवढी. एवढ्याशा जागेत मावण्यासाठीच बूटलोडरचे तुकडे करावे लागले. या पद्धतीत डिस्कही दोन टेराबाइटच्या पलीकडे मोजता येत नव्हती.

नव्या पद्धतीचं नाव यूईएफआय. इंटेलने तिचा पाया घातला आणि २००५पासून अनेक कंपन्यांचा मिळून झालेला मंच ती सांभाळतो. या पद्धतीत फर्मवेअर पहिला तुकडा वाचत बसत नाही. डिस्कवर फॅट पद्धतीचं एक छोटं पार्टिशन असतं, त्याला ईएसपी म्हणतात. त्यात प्रत्येक सिस्टिमची बूट फाइल आपापल्या फोल्डरमध्ये ठेवलेली असते. शिवाय मदरबोर्डच्या स्वतःच्या स्मृतीत एक यादी असते: आधी 'विंडोज बूट मॅनेजर', मग 'उबुंटू', मग पेन ड्राइव्ह, अशी.

घोळ होतो तो असा. २०१२ ते २०२० या काळातली बरीच मशीन दोन्ही पद्धती जाणतात, आणि लिनक्सचा पेन ड्राइव्हही दोन्ही पद्धतींनी सुरू होतो. बूट मेन्यू उघडला की तोच पेन ड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नुसता आणि एकदा नावाआधी 'यूईएफआय' लागून. घाईत नुसता निवडला, तर इन्स्टॉलर जुन्या पद्धतीने सुरू होतो आणि ग्रबही जुन्याच पद्धतीने बसवतो. त्याच डिस्कवरचं विंडोज मात्र नव्या पद्धतीचं. रीस्टार्टनंतर फर्मवेअर नव्या पद्धतीने यादी पाहतं, त्यात लिनक्स नाही, म्हणून ते विंडोज उघडून मोकळं होतं. लिनक्स डिस्कवर सगळंच्या सगळं असतं, फक्त त्याची वर्दी कोणी दिलेली नसते.

हे तपासायला अंदाज बांधावा लागत नाही. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करा. फाइल मॅनेजरमध्ये मूळ फोल्डरपासून 'सिस' आणि त्यात 'फर्मवेअर' असं आत जा. तिथे 'ईएफआय' नावाचा फोल्डर दिसला, तर पेन ड्राइव्ह नव्या पद्धतीने उघडला आहे. दिसला नाही, तर जुन्या. विंडोजमध्ये हीच माहिती 'सिस्टिम इन्फॉर्मेशन'मध्ये 'बायोस मोड' या ओळीवर मिळते. दोन्हींची उत्तरं जुळली पाहिजेत.

जुळली नाहीत तर? पुन्हा इन्स्टॉल करण्यावर वर मी टीका केली, पण इथे तोच सोपा रस्ता आहे. नव्या लिनक्समध्ये अजून तुमचं काहीच साठलेलं नाही. या खेपेला पेन ड्राइव्ह 'यूईएफआय' लावलेल्या नावाने उघडायचा, एवढंच.

३. थेट विंडोज उघडतं

मोड जुळतो, तरी विंडोजच उघडतं. मग मदरबोर्डची यादी पाहायची. सुरू होताना एफ २ किंवा डिलीट दाबून सेटिंगमध्ये शिरलं की बूटचा क्रम दिसतो. कळ कंपनीगणिक बदलते. 'उबुंटू' खाली असेल तर वर आणायचं. निम्म्या तक्रारी इथेच मिटायला हरकत नाही.

काही लॅपटॉपचं फर्मवेअर मात्र ही यादी जुमानत नाही. नोंद केली तरी विसरतं, किंवा ठरलेल्या जागीच बघतं. यूईएफआयच्या नियमांत अशी एक राखीव जागा आहे: ईएसपीमध्ये 'ईएफआय' फोल्डर, त्यात 'बूट' फोल्डर, त्यात 'बूट एक्स ६४' नावाची फाइल. यादीत काहीच सापडलं नाही तर फर्मवेअर ती उघडतं. पेन ड्राइव्ह सुरू होतात तेही याच फाइलवरून. ग्रब बसवण्याच्या आज्ञेला 'रिमूव्हेबल' हा पर्याय जोडला की ग्रबची प्रत त्या जागी जाते, आणि हट्टी मशीन बहुधा वठणीवर येतं.

यापुढचा पहारेकरी म्हणजे सिक्युअर बूट. २०१२मध्ये विंडोज ८बरोबर तो घरोघरच्या लॅपटॉपमध्ये आला. विश्वासातल्या डिजिटल सहीशिवाय कोणतीही बूट फाइल उघडायची नाही, हा त्याचा नियम. लॅपटॉपमध्ये आधीपासून असलेली किल्ली सहसा मायक्रोसॉफ्टची. म्हणून लिनक्सवाल्यांनी 'शिम' नावाचा छोटा प्रोग्रॅम तयार केला. त्यावर मायक्रोसॉफ्टची सही असते, आणि तो पुढे उबुंटू किंवा फेडोराची सही पाहून ग्रबला आत सोडतो. डेबियनकडेही ही सोय आहे. आर्च लिनक्सचा अधिकृत पेन ड्राइव्ह मात्र सिक्युअर बूट चालू असताना सुरूच होत नाही.

या व्यवस्थेची कळ कोणाच्या हातात आहे, ते ऑगस्ट २०२४मध्ये दिसलं. ग्रबमधली एक जुनी त्रुटी बंद करण्यासाठी विंडोजच्या अपडेटने जुन्या शिम-ग्रबवर बंदी घातली. दोन सिस्टिम असलेल्या मशीनना हे अपडेट लागू होणार नाही, असं सांगितलं होतं. पण अनेकांना लागू झालंच. काल चालणारं लिनक्स आज "काहीतरी गंभीर चुकलं आहे" अशा अर्थाचा इंग्रजी संदेश देऊन बंद पडू लागलं. लिनक्समध्ये काहीच बिघडलेलं नव्हतं. सिक्युअर बूट तात्पुरता बंद करायचा, लिनक्समध्ये जाऊन ती बंदीची नोंद पुसायची, शिम आणि ग्रब अद्ययावत करायचे आणि पुन्हा चालू करायचा, हा त्यावरचा उतारा.

पण सिक्युअर बूटला हात लावण्याआधी एक गोष्ट कराच. विंडोजची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद आहे का ते पाहा. नव्या लॅपटॉपवर मालकाच्या लक्षातही न येता ते चालू झालेलं असतं. फर्मवेअरचं सेटिंग बदललं की बिटलॉकरला संशय येतो आणि तो ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आधी कागदावर उतरवून घ्या. लिनक्स सुरू करण्याच्या नादात विंडोजमधले सगळे फोटो कुलपाआड गेले, तर घरातले लिनक्सचं नाव काढू देणार नाहीत.

उलटी तक्रारही ऐकू येते: लिनक्स उघडतं, पण मेन्यूत विंडोजच नाही. २०२१मध्ये आलेल्या ग्रब २.०६ने दुसऱ्या सिस्टिम शोधण्याचं काम सुरक्षेसाठी मूळ सेटिंगमध्ये बंद ठेवलं. विंडोज गेलेलं नसतं. ग्रबच्या सेटिंगच्या फाइलमध्ये 'ओएस प्रोबर' चालू करून मेन्यू पुन्हा बनवला की ते परत दिसतं.

४. 'ग्रब रेस्क्यू'

हे दोन शब्द पाहून माणसं घाबरतात. माझ्या मते ही सगळ्यांत चांगली बातमी आहे, कारण रुग्ण शुद्धीवर आहे. ग्रबचा छोटा गाभा मेमरीत आला आहे. त्याला त्याचं उरलेलं सामान, म्हणजे डिस्कवरचा 'ग्रब' फोल्डर, सापडत नाहीये. पार्टिशनं मागेपुढे केली तर असं होतं. लिनक्स काढून टाकायचं म्हणून विंडोजमधून त्याचं पार्टिशन पुसलं तरी होतं, कारण बूटलोडरचा पहिला भाग मागे राहिलेला असतो.

एक उदाहरण करून पाहू. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत देतो. टाइप करताना इंग्रजी छोटी अक्षरं वापरायची. 'एलएस' टाइप करून एंटर दाबा. उत्तरात कंसातली नावं येतील: 'एचडी०', 'एचडी०, जीपीटी१', 'एचडी०, जीपीटी२' अशी. इथे डिस्क शून्यापासून मोजतात आणि पार्टिशनं एकपासून. या विसंगतीने कित्येकांची संध्याकाळ खाल्ली आहे. आता 'एलएस'पुढे एकेक नाव आणि त्यानंतर तिरकी रेघ देऊन पाहा. कुठे 'फाइल सिस्टिम ओळखता आली नाही' असं येईल. जिथे 'होम', 'एटसी', 'बूट' हे फोल्डर दिसतील, ते तुमच्या लिनक्सचं घर.

समजा, ते दुसरं पार्टिशन निघालं. मग चार ओळी. पहिल्या ओळीत 'सेट रूट' म्हणून ते पार्टिशन सांगायचं. दुसरीत 'सेट प्रीफिक्स' म्हणून त्याच पार्टिशनमधल्या 'बूट'मधल्या 'ग्रब' फोल्डरचा पत्ता द्यायचा. तिसरी 'इन्समॉड नॉर्मल', चौथी नुसती 'नॉर्मल'. पत्ता बरोबर असेल तर ओळखीचा मेन्यू समोर येतो.

हा उपाय त्या एका वेळेपुरता. लिनक्स सुरू झालं की लगेच टर्मिनलमधून 'ग्रब इन्स्टॉल' आणि मग उबुंटू-मिंटवर 'अपडेट ग्रब' चालवायचं, म्हणजे नवा पत्ता कायमचा लिहिला जातो. मेन्यू आलाच नाही, तर पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून, डिस्कवरचं मुख्य पार्टिशन आणि ईएसपी त्याला जोडून, 'सीएचरूट' या आज्ञेने डिस्कवरच्या सिस्टिमच्या आत शिरता येतं. मग पुढच्या आज्ञा तिथूनच दिल्यासारख्या चालतात.

जाता जाता एक गमतीची खूण: पेन ड्राइव्ह लावलेला असेल तरच लिनक्स सुरू होत असेल, तर इन्स्टॉलरने बूटलोडर डिस्कऐवजी त्या पेन ड्राइव्हवरच बसवला आहे. उपाय वरचाच.

५. काळा पडदा, पण आत जीव आहे

ग्रबचा मेन्यू येतो, उबुंटू निवडता, आणि पुढे मिट्ट काळोख. आधी कॅप्स लॉक दाबून पाहा. दिवा लागत-विझत असेल तर मशीन बहुधा जिवंत आहे. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ ३ एकदम दाबल्यावर अक्षरांचं लॉगिन आलं, तर खात्रीच: लिनक्स पूर्ण सुरू झालं आहे, फक्त चित्र उमटत नाही. संशयित ग्राफिक्स कार्ड, आणि त्यातही बऱ्याचदा एनव्हिडियाचं.

आता रुग्णाला बोलतं करू. मशीन सुरू होताना एस्केप (जुन्या मोडमध्ये शिफ्ट) दाबून ग्रबचा मेन्यू आणा. उबुंटूच्या ओळीवर असताना इंग्रजी 'ई' दाबा. उघडणाऱ्या मजकुरात 'लिनक्स' शब्दाने सुरू होणारी एक लांबलचक ओळ असते. तिच्या शेवटी 'क्वाएट' आणि 'स्प्लॅश' हे शब्द आहेत. ते खोडा आणि त्या जागी 'नोमोडसेट' लिहा. मग एफ १०. पहिले दोन शब्द गेल्याने लोगोमागचा सगळा मजकूर दिसू लागतो. तिसऱ्या शब्दाने कर्नल ग्राफिक्स कार्डाच्या खास ड्रायव्हरच्या वाटेला न जाता साध्या पद्धतीने चित्र दाखवतो. ही दुरुस्ती पुढच्या रीस्टार्टला आपोआप जाते, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. एकदा आत गेलात की एनव्हिडियाचा योग्य ड्रायव्हर टाका. 'नोमोडसेट' कायमचं ठेवून काम करणं म्हणजे कार्डाचे पैसे वाया घालवणं.

सिक्युअर बूट चालू असेल तर इथे आणखी एक अडसर आहे. असा ड्रायव्हर टाकताना उबुंटू एक पासवर्ड ठरवायला लावतं. पुढच्या रीस्टार्टला निळा पडदा येतो आणि तोच पासवर्ड मागून ड्रायव्हरची किल्ली नोंदवतो. काही सेकंद कोणी कळ दाबली नाही, तर तो निघून जातो. चहा ठेवायला उठलेल्या माणसाला तो दिसतच नाही, आणि ड्रायव्हर टाकूनही चालत का नाही, याचं कोडं मागे राहतं.

६. 'कर्नल पॅनिक'

कर्नलला डिस्क वाचायला ड्रायव्हर लागतो, आणि ड्रायव्हर असतो डिस्कवर. हा तिढा सोडवण्यासाठी ग्रब कर्नलबरोबर आणखी एक पुडकं मेमरीत आणतो. त्याचं नाव इनिट-रॅम-एफएस. सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर त्यात असतात. ते पुडकं बनलंच नाही, अर्धवट बनलं किंवा ग्रबने आणलं नाही, तर कर्नलला मुख्य पार्टिशन जोडता येत नाही आणि तो हात टेकतो. पडद्यावर 'रूट एफएस माउंट' आणि कंसात दोन शून्यं दिसली, तर पहिला संशय याच पुडक्यावर.

'बूट'साठी वेगळं आणि लहान पार्टिशन ठेवलं असेल तर ते भरून गेल्यामुळे पुडकं अर्धवट राहतं. अपडेटनंतर असं झालं, तर ग्रबच्या 'ॲडव्हान्स्ड' पर्यायांतून आधीचा कर्नल निवडून आत जाता येतं. ताज्या इन्स्टॉलेशनमध्ये मात्र आधीचा कर्नल नसतोच. तिथे 'सीएचरूट'ने आत शिरून पुडकं पुन्हा बनवायचं. ताज्या इन्स्टॉलेशनमध्येच पॅनिक आला, तर डाउनलोड केलेली आयएसओ फाइल धड आहे का, तेही तपासा. वितरणाच्या साइटवर तिचा 'शा २५६' नावाचा ठसा दिलेला असतो. तुमच्या फाइलचा ठसा अक्षरशः तसाच यायला हवा. कमी लोक करतात, पण दोन मिनिटांचं काम आहे.

७. दीड मिनिटाची वाट

पडद्यावर एक लाल ठिपका मागेपुढे सरकतो, शेजारी सेकंद मोजले जातात आणि मर्यादा दिसते दीड मिनिट. सिस्टिमडी एखाद्या पार्टिशनची वाट बघतो आहे. कोणतं पार्टिशन कुठे जोडायचं, याची यादी 'एफएसटॅब' फाइलमध्ये असते, आणि प्रत्येक पार्टिशनची ओळख यूयूआयडी या लांब क्रमांकाने लिहिलेली असते. समजा, मशीनवर आधी मिंट होतं, मग शेजारी फेडोरा टाकलं. फेडोराच्या इन्स्टॉलरने दोघांचं सामायिक स्वॅप पार्टिशन फॉरमॅट केलं, आणि त्याचा क्रमांक बदलला. मिंटच्या यादीत जुनाच क्रमांक आहे, म्हणून ते रोज दीड मिनिट वाट पाहतं आणि मग नाद सोडतं. यादीतला क्रमांक बदलला की झालं.

हरवलेलं पार्टिशन स्वॅपचं नसून डेटाचं असेल, तर सिस्टिम नाद सोडत नाही, 'इमर्जन्सी मोड'मध्ये जाऊन बसते. पेन ड्राइव्हवरून सुरू होऊन एफएसटॅबमधली ती ओळ दुरुस्त करावी. नेहमी न जोडलेल्या डिस्कच्या ओळीत 'नोफेल' हा शब्द लिहून ठेवला, तर डिस्क नसतानाही सिस्टिम तिच्यासाठी अडून बसत नाही.

८. आज चालतं, उद्या नाही

शेवटचा प्रकार जुन्या डेस्कटॉपवर दिसतो. रात्री सगळं सुरळीत चालतं, सकाळी पुन्हा विंडोज उघडतं किंवा बूट करण्याजोगी डिस्कच सापडत नाही. सेटिंगमध्ये जाऊन मोड आणि क्रम बदलला की दिवसभर ठीक. अशा वेळी घड्याळ पाहा. तारीख काही वर्षं मागे गेली असेल, तर मदरबोर्डवरची सीआर २०३२ ही नाण्याएवढी बॅटरी संपली आहे. बोर्डाची मुख्य वीज बंद झाली की फर्मवेअर आपली सगळी सेटिंगं विसरून कारखान्यातल्या मूळ स्थितीला जातं, आणि काही बोर्डांची मूळ स्थिती म्हणजे जुना मोड. तारीख चुकल्यामुळे लिनक्सचे अपडेटही 'ही फाइल अजून वैध नाही' असं सांगून अडतात, आणि माणूस त्यासाठी इंटरनेटला दोष देतो. ही बॅटरी घड्याळाच्या दुकानातही मिळते. प्लग काढून ती बदलायची, तारीख लावायची, मोड यूईएफआयवर ठेवायचा, आणि जपून ठेवायचं म्हणून सेटिंगच्या पडद्याचा मोबाइलवर एक फोटो काढायचा.